अबालोनी: आसिनिना आणि वारिया

अबालोनी म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारी समुद्री गोगलगाय, हॅलिओटिस वंशातली. शिणाणे-तिसऱ्यो असे दोन शिंपल्यांचे जीव खाऊन वाढलेल्या आपल्या गोव्याच्या माणसाला तिचं कवच दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला, दुसरा शिंपला कुठाय? दुसरा नसतोच, ही शिंपल्यातली नव्हे, गोगलगायीतली, त्यामुळे कवच एकच आणि खालून खडकाचा आधार. कवचाच्या कडेला भोकांची रांग असते, श्वासाचं पाणी, घाण, अंडी सगळं त्यातूनच बाहेर. कवच वाढतं तशी पुढे नवी भोकं पडतात आणि मागची बुजत जातात.

हॅलिओटिस आसिनिना आणि हॅलिओटिस वारिया या तिच्या दोन जाती, दोघींना नाव लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानेच दिलं, 1758 साली, आणि दोघी हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या. वारिया आपल्या देशात मन्नारच्या आखातात तुतिकोरिनकडे सापडते. ओळखायला लोक भोकं मोजतात, आसिनिनाला 5 ते 7 उघडी आणि वारियाला 4-5, पण 5 निघाली की काय करणार? त्यापेक्षा आकार बघा. आसिनिना लांबट, निमुळती, गुळगुळीत, गाढवाच्या कानासारखी, इंग्रजीत नावही तेच पडलंय. वारिया अंडाकृती, खरखरीत, गाठी-गाठींची, रंगाचा तर काही नेमच नाही, तपकिरी, हिरवट, तांबूस कशीही.

जिवंत असताना फरक अजून सोपा. आसिनिनाचं मांस कवचात मावतच नाही, पाय बाहेर आणि कातडीचा पडदा कवचावर चढलेला, म्हणजे अर्धं कवच दिसतही नाही. वाढतेही भराभर, 10-12 सेंटीमीटरपर्यंत जाते, म्हणूनच थायलंड-फिलिपिन्समध्ये खायला पाळतात. वारिया लहान, बहुतेक 5 सेंटीमीटरच्या आसपास, ती कवचाखाली नीट मावते. तिच्यावर तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मोती बनवायचे प्रयोग केलेत. खायचं म्हणाल तर दोघी शेवाळ खातात, तेही रात्री, दिवसा दगडाखाली दडून.

मडगावच्या बाजारात मात्र यातली एकही शोधू नका, तिथे खुबे आणि कालवंच. आणि दागिन्यात दिसतो तो गडद निळा-हिरवा पाऊआ या दोघींपैकी कुणाचाच नव्हे, तो हॅलिओटिस आयरिस, फक्त न्यूझीलंडचा. आसिनिना-वारियाचं कवच आतून फिकं चंदेरी असतं, त्यावर थोडी गुलाबी-हिरवी झाक.