हादऱ्याच्या यंत्रांवरील कंट्रोल बोर्ड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव-धुळे भागात दाल मिलची चाळणी, जिनिंगचे यंत्र किंवा ट्रॅक्टरवर चालणारे मळणी यंत्र यांवर बसवलेला कंट्रोल बोर्ड ‘ड्राय सोल्डर’ झाला, म्हणजे सोल्डरच्या सांध्याची पकड सुटली, म्हणून दुरुस्तीला येतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा सोल्डर करणाऱ्याच्या हाताचा नसतो. हादऱ्याने बोर्ड मधोमध खालीवर लवतो, त्यावरचे ताठ भाग मात्र त्याच्याबरोबर लवत नाहीत, आणि तो सगळा ताण सोल्डरच्या सांध्यावर येऊन तिथे हळूहळू चीर पडते. भिंगातून पाहिल्यास भागाच्या पायाभोवती बारीक काळी गोल रेघ दिसते.

प्रत्येक बोर्डाची स्वतःची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे आपणहून हलण्याची ठरावीक गती, असते आणि यंत्राचा हादरा तिच्याशी जुळला, की बोर्डाचे लवणे अनेक पटींनी वाढते. मिनिटाला १,४४० फेरे घेणाऱ्या मोटारीचा मूळ हादरा २४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४ वेळा, असतो. गिअर आणि बेअरिंगचे हादरे त्याहून बरेच वरचे असतात. गुरुत्वाच्या १० पट त्वरणाला १०० हर्ट्झवर बोर्ड मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे पाव मिलिमीटर हलतो, तर तेवढ्याच त्वरणाला २०० हर्ट्झवर त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच. म्हणून बोर्ड ताठ करणे हे आमचे पहिले काम. जाडी १.६ वरून २.४ मिलिमीटर केल्याने फरक पडतो, परंतु आधारांमधील अंतर निम्मे केल्यास वारंवारता साधारण चौपट होते. मधल्या एका जादा स्क्रूसाठी आम्ही आग्रह धरतो तो यासाठी.

मोठे कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर आम्ही आधाराजवळ बसवून बुडाशी सिलिकॉनने पक्के करतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन दुरुस्तीतही वापरू नये, कारण त्यातून सुटणारे आम्ल तांब्याला खाते. सिरॅमिक चिप कपॅसिटर मात्र स्क्रूपासून दूर ठेवावे लागतात. स्क्रू आवळताना बोर्ड किंचित वाकला तरी त्यांना डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. वायरीच्या टोकांना सोल्डर न लावता लग (धातूची टोके) दाबून बसवावेत आणि कनेक्टरजवळच वायर बांधून घ्यावी.

डबा रबरी बुशांवर बसवावा, अशी मागणी अनेकदा येते. रबर वरच्या वारंवारतेचे हादरे अडवते, पण स्वतःच्या वारंवारतेजवळचे हादरे वाढवते. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ते कालांतराने कडक होते. डबा यंत्रावरून काढून भिंतीवर नेणे आणि यंत्रावर फक्त सेन्सर ठेवणे, हाच आमच्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

ते शक्य नसल्यास ऑर्डर देतानाच मोटारीचे फेरे आणि डबा बसवण्याच्या जागेचे छायाचित्र द्यावे. आयईसी ६००६८-२-६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कंपन-चाचणी हवी असेल, तर वारंवारतेची मर्यादा, त्वरण आणि कालावधी आधी ठरवावा लागतो. ही चाचणी बोर्डाला वीजपुरवठा चालू ठेवूनच करून घ्यावी, कारण रिलेचे संपर्क क्षणभर सुटत असतील तर बंद बोर्डावर ते कळत नाही.