रक्त कमी हाये, पण कशानं? लोहाची कमी आणि सिकलसेल यातला घोळ

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, आपल्या भागात कुठंही जा, पोरीचा चेहरा फिका दिसला, वावरातून येता येता तिला दम लागला की शेजारची मावशी लगेच म्हणणार, "रक्त कमी हाये तिले, बीट खाऊ घाला." मग बीट येते, मेडिकलमधून टॉनिकची बाटली येते, आणि एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, काही केल्या वाढत नाही. बिटात लोह तसंही फारसं नसते, रंग लाल आहे एवढंच. पण खरा घोळ दुसराच आहे. रिपोर्टमध्ये एचबी ८ आलं तर ते लोह कमी असल्यानंही असू शकते आणि सिकलसेलनंही, नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही.

लोहाच्या कमतरतेत कच्चा मालच नसतो. हिमोग्लोबिन बनवायला लोह लागते, ते जेवणातून पुरेसं येत नाही किंवा अंगातून जात राहते, पाळीत जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं, अनवाणी वावरात फिरून पायातून शिरणारे हूकवर्म, म्हणजे आतड्यात राहून रक्त पिणारे जंत. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये अॅनिमिया, म्हणजे रक्ताची कमी आहे, आणि त्यातलं एक मोठं कारण हेच. थकवा, चमच्यासारखी खोलगट नखं, आणि एक खूण हमखास विचारा: माती, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का?

सिकलसेलमध्ये कच्चा माल असतो, पण नक्शाच चुकलेला असतो. हा आईबापाकडून जीनमधून येणारा आजार, हिमोग्लोबिनची ठेवणच वेगळी, त्यामुळं ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांमध्ये अडकते आणि लवकर फुटते. साधी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच संपते. म्हणून डोळे पिवळे होतात, सांधे आणि हाडं अशी ठणकतात की पोट्टं रात्रभर रडते, तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, थंडी बाधली, ताप आला की दुखणं उसळते. नुसत्या लोहाच्या कमीत असं दुखत नाही. आणि हा फक्त आदिवासींचा आजार आहे असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका, विदर्भात अनुसूचित जाती आणि ओबीसी समाजांतही तो आहे.

लोह कमी असेल तर उपाय ताटात आणि गोळीत दोन्हीकडे आहे. कलेजी, मटणातलं लोह अंगी लवकर लागते, भाजी-डाळीतलं कमी लागते, पण सोबत आंबट असलं की वाढते, म्हणून डाळीवर लिंबू पिळा, सीझनमध्ये जेवणासोबत संत्रं खा. अंबाडीची भाजी लोखंडी कढईत केली तर काळपट होते, ते आंबटपणानं सुटलेलं लोह, टाकून देऊ नका बाप्पा. पालकाचं नाव मोठं, पण त्यातलं लोह अंगी थोडंच लागते. जेवण झाल्या झाल्या चहा मात्र नको, तासभर तरी थांबा, आणि हे सांगितलं की घरोघरी भांडण होते ते मला माहीत आहे. आशाताई देते ती लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची, गरोदर बाईनं रोज घ्यायची, कॅल्शियमच्या गोळीसोबत नाही. संडास काळी होते, घाबरू नका.

सिकलसेलच्या पेशंटला हीच गोळी आपल्या मनानं चालू केली तर गडबड होऊ शकते. फुटलेल्या पेशींमधलं बरंचसं लोह अंगातच राहते आणि पुन्हा वापरलं जाते, वरून रक्त चढवलं की एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते. आपलं आतडं जेवणातून दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम शोषते, आणि जास्तीचं बाहेर काढायचा रस्ता शरीराकडं नाही. मग ते लिव्हरमध्ये, हृदयात साचते. म्हणून या पेशंटला बहुतेकदा नुसती फॉलिक अॅसिडची गोळी देतात, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारं औषध), आणि भरपूर पाणी. अंबाडी, डाळ, कलेजी खाण्यावर मात्र बंदी नाही, काही घरांत पेशंटचं ताटच आखडतात, तसं करू नका.

तपासणी कशी? सरकारी आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्ततपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारीच असं नाही, नुसता वाहक असला, म्हणजे आईबापापैकी एकाकडूनच हा जीन आला असला, तरी पॉझिटिव्ह येते, फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासण्यांवर कळते. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी भरवशाची नाही. वाहक माणसाला सहसा काही त्रास नसतो, त्याचं एचबी कमी असेल तर लोहच कमी आहे का ते पाहावं लागते. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याला मात्र प्रत्येक बाळंतपणात बाळ सिकलसेलचं असण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधीच तपासून घ्या. आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, सिकलसेलही आणि लोहाची कमीही, अशा वेळी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासून डॉक्टरच गोळी ठरवतात, मेडिकलवाला नाही.