रानपिंगळा: सातपुड्यातला दिवसा दिसणारा घुबड

पिंगळा खान्देशात कुणाला नवा नाही. गावच्या वडावर, पडक्या वाड्याच्या भिंतीत तो असतोच. सातपुड्यातला रानपिंगळा ही मात्र वेगळी जात, आणि तो ओळखताना भलेभले फसतात.

आधी डोकं पाहावं. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात; रानपिंगळ्याचं डोकं करडं-तपकिरी, ठिपके असलेच तर पुसट. पण लांबून, उन्हात ठिपके दिसेनासे होतात, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. छाती जवळजवळ सलग गडद तपकिरी आणि पोटाचा खालचा मधला भाग कोरा पांढरा असेल, तर तो रानपिंगळा. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, नख्या अंगाच्या मानाने मोठ्या. सरडे आणि उंदीर त्याच बळावर पकडतो.

पक्षीतज्ज्ञ ॲलन ह्यूमने 1873 मध्ये या जातीचं वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खान्देशातून नमुने, म्हणजे भरून जतन केलेले पक्षी, जमवले, आणि 1884 नंतर पक्षी जणू गायबच झाला. मधे एकच नोंद होती: 1914, गुजरातेत तापीकाठी मांडवी. ती खोटी निघाली. रिचर्ड मायनरत्झागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाने डेव्हिडसनचाच जुना नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्याला खोट्या ठिकाण-तारखेची नवी चिठ्ठी लावली होती. म्हणजे तो पक्षीही खान्देशचाच! चिठ्ठीवर विसंबून शोधणारे चुकीच्या ठिकाणी फिरले. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला ठेवून जुन्या ठिकाणांचा माग काढला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी त्यांना, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ तो दिसला, तोही सकाळी, उघड्या फांदीवर.

घुबड म्हटलं की रात्री शोधायचं, ही आणखी एक चूक. हा दिवसा वावरतो. हिवाळ्यात कोवळ्या उन्हात, पानझडीच्या विरळ सागवनात, झाडाच्या शेंड्याकडे नजर ठेवावी; चिडला की शेपटी झटकतो. तोरणमाळ आणि यावलच्या जंगलांत तो आहे. सातपुड्याबाहेर, मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही 2014 मध्ये सापडला.

अंडी झाडाच्या ढोलीत, बहुधा दोनच. ढोली पडते ती जुन्या झाडाला, आणि सरपणासाठी किंवा शेतासाठी तोडलं जातं तेही बहुतेक तेच झाड. फोटोसाठी रानपिंगळ्याच्या आवाजाची टेप वाजवणारे वेगळेच. नर प्रतिस्पर्धी आला समजून शिकार सोडतो आणि त्या आवाजाच्या मागे लागतो.