ठळक आणि तिरपे: मथळ्याच्या अक्षराची भूमिती

संगणकावर मजकूर निवडून एक बटण दाबले की अक्षरे ठळक होतात, दुसरे दाबले की तिरपी होतात. त्या टंकाचे (फॉन्टचे, म्हणजे एका घडणीच्या अक्षरसंचाचे) स्वतंत्रपणे रेखलेले ठळक-तिरपे वळण उपलब्ध नसेल, तर संगणक सरळ अक्षरच एका बाजूला ढकलून देतो. लहान मजकुरात हा प्रकार खपून जातो. फलकावर किंवा मुखपृष्ठावर मात्र त्यातील दोष लगेच डोळ्यांत भरतो. तो का निर्माण होतो, हे साध्या भूमितीने समजते.

तिरपेपणा आणि ठळकपणा यांचा जन्म एकत्र झालेला नाही. व्हेनिसमध्ये १५०१ साली आल्दुस मानुत्सिओ या मुद्रकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने घडवलेले पहिले इटॅलिक, म्हणजे तिरपे, खिळे (छपाईची धातूची अक्षरे) हस्ताक्षराच्या वळणाचे होते आणि त्यांत लहान आकाराची संपूर्ण पुस्तके छापली जात. त्यातील मोठी अक्षरे चक्क सरळ उभी होती. जाडजूड अक्षरे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, लंडनच्या जाहिरातींतून. आणि साध्या मजकुराच्या जोडीने वापरता येईल असा क्लॅरेंडन हा ठळक टंक १८४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या दोन्ही गुणांचा मिलाफ पाहण्यासाठी फ्युचुरा हा टंक उत्तम आहे. जर्मन रचनाकार पॉल रेनर यांनी वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेषा यांच्या आधारे तो रेखला आणि फ्रांकफुर्टच्या बाउअर या टंक घडवणाऱ्या कारखान्याने १९२७ मध्ये बाजारात आणला. त्याचे ठळक-तिरपे रूप अमेरिकन कलाकार बार्बरा क्रूगर यांच्या कलाकृतींमुळे जगभर ओळखीचे झाले. कृष्णधवल छायाचित्रावरील लाल पट्टीत बसवलेली पांढरी, पुढे झुकलेली अक्षरे पाहणाऱ्याला थेट उद्देशून बोलत असल्यासारखी वाटतात.

आता भूमितीकडे वळू. १० सेंटीमीटर उंचीचे, २० मिलिमीटर जाडीच्या कड्यासारखे इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर घ्या आणि ते १२ अंशांनी उजवीकडे कलवा. तळ जागेवर राहतो, तर माथा सुमारे २१ मिलिमीटर सरकतो. मात्र कड्याची जाडी सर्वत्र सारखी उरत नाही. वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या भागात ती सुमारे २२ मिलिमीटर होते, तर वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या भागात १८ मिलिमीटरवर येते. अक्षर बारीक असते, म्हणजे कड्याची जाडी केवळ २ मिलिमीटर असती, तर हाच फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरला असता आणि कोणाच्या लक्षात आला नसता. अक्षर जितके ठळक आणि मोठे, तितका हा विद्रूपपणा अधिक उघडा पडतो. म्हणून रचनाकार अक्षर कलवल्यानंतर प्रत्येक वक्ररेषा पुन्हा हाताने सुधारतो. हे काम वेळखाऊ असते आणि मला तरी टंकरचनेतला खरा कस तेथेच दिसतो.

ठळकपणाची अडचण निराळी आहे. इंग्रजी ‘ई’च्या छोट्या रूपात एकावर एक तीन आडवे भाग येतात. १० सेंटीमीटर उंचीत प्रत्येकी ३ सेंटीमीटरचे तीन भाग बसवले, तर मधल्या दोन पोकळ्यांसाठी मिळून एकच सेंटीमीटर उरतो. त्यामुळे आडव्या रेषा उभ्यांपेक्षा बारीक ठेवाव्याच लागतात. त्यातच, समान जाडीच्या रेषांपैकी आडवी रेषा आपल्या डोळ्यांना अधिक जाड भासते, हेही पथ्यावर पडते. गोलाकार अक्षरे सपाट अक्षरांच्या बरोबरीची दिसावीत यासाठी ती वर आणि खाली किंचित बाहेर काढली जातात. फ्युचुरासारखा भूमितीनिष्ठ टंकसुद्धा या तडजोडींतून सुटलेला नाही.

अशा अक्षरांचा उपयोग चार-पाच शब्दांपुरताच असावा. खेळाडूंचे गणवेश, वाहने, सवलतीच्या जाहिराती, मासिकांचे मथळे येथे ती शोभतात, कारण पुढे झुकलेला आकार गती सुचवतो आणि जाडी लांबून दिसते. सलग परिच्छेद मात्र त्यांत जुळवू नये. वाचनात अडचण असलेल्या व्यक्तींसाठी तिरपा मजकूर टाळावा, असे ब्रिटनची डिस्लेक्सिया संघटनाही सुचवते.

मराठी मथळ्यांसाठी हा प्रश्न आणखी अवघड आहे. देवनागरीच्या बोरूचा कट रोमन कलमाच्या उलट दिशेचा असल्यामुळे गोलाईची जाडी परंपरेने वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या भागात येते. यांत्रिकपणे कलवल्यावर नेमके तेच भाग बारीक होतात आणि जेथे रेषा नाजूक हवी तेथे ती फुगते. शिवाय शिरोरेखा आडवीच राहते आणि संपूर्ण शब्दाला बांधून ठेवते, त्यामुळे रोमन अक्षरांइतका वेगाचा आभास साधत नाही. ठळक वळणात ‘क्ष’, ‘ण’, ‘ष’ यांच्या पोकळ्या आधीच कोंदलेल्या असतात. देवनागरीत इटॅलिकची जुनी परंपरा नसल्यामुळे ही रूपे बोरूच्या चालीवरून नव्यानेच घडवायला हवीत. कल कमी ठेवावा, जोडाक्षरांना रुंदी द्यावी आणि टंक पसंत करण्यापूर्वी ‘शिष्यवृत्ती’, ‘कर्णधार’, ‘क्षेपणास्त्र’ असे शब्द प्रत्यक्ष मथळ्याच्या आकारात छापून, चार हात लांबून वाचून पाहावेत.