दीर्घायुष्य चळवळ आणि धार्मिक माणसं

म्हातारपणात शरीराची जी झीज होते ती औषधोपचाराने थांबवता येईल का, भरून काढता येईल का याच्या मागे लागलेले संशोधक, देणगीदार आणि साधी उत्सुक माणसं मिळून दीर्घायुष्य चळवळ होते. याच कामासाठी निघालेल्या मेथुसेलाह फाउंडेशन या संस्थेचं नावच बायबलमधल्या ९६९ वर्षं जगलेल्या माणसावरून घेतलंय, तरीही चळवळीतलं बोलणं बऱ्याचदा असं असतं की देव मानणाऱ्याला वाटावं, आपलं इथे काही काम नाही.

गोव्यात हे अजिबात चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत इथे साधारण ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्क्यांवर मुसलमान होते, मग श्रद्धावान माणूस वगळला तर बोलायचं कोणाशी? आणि ज्या परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि ही भूमी वर काढली असं आपण लहानपणापासून ऐकतो तो सात चिरंजीवांपैकी एक आहे.

मुसलमानांच्या बाबतीत मुद्दा थोडा खोल आहे. कुराणात नूह (बायबलमधला नोहा) आपल्या लोकांत ९५० वर्षं राहिल्याचं येतं, म्हणजे लांब आयुष्य ही कल्पना परकी नाही, पण प्रत्येकाची अजल म्हणजे मुदत अल्लाहने ठरवलेली असं मानतात. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे, उपचार करा, प्रत्येक आजाराला औषध आहे, एक सोडून, ते म्हणजे म्हातारपण. चळवळीतले लोक पहिलं अर्धं वाक्य आनंदाने सांगतात आणि दुसरं गाळतात, हे मला चूक वाटतं, कारण समोरच्याला ती हदीस पूर्ण पाठ असते आणि विश्वास तिथेच तुटतो. पूर्ण सांगावं, आणि मग विचारावं की हृदयरोग, मोतीबिंदू, विस्मरण यांवर इलाज करणं मुदतीच्या आड येतं का? याचं उत्तर मौलवींनीच द्यावं, आपण त्यांच्या वतीने देऊ नये.

धर्म मानूनही या विचारात आलेले लोक आधीपासून आहेत. रशियातला विचारवंत फ्योदोरोव (१८२९–१९०३) ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता आणि मेलेल्या पूर्वजांना विज्ञानाने परत उठवणं हे माणसाचं कर्तव्य मानायचा, आणि मॉर्मन ट्रान्सह्युमनिस्ट असोसिएशन, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या, विज्ञानाने माणसाच्या मर्यादा ओलांडू पाहणाऱ्यांची संघटना, २००६ पासून आहे. गोव्यापुरतं बघायचं तर गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारात जायचा, तिथल्या मुसलमान हकिमांशी औषधांवर बोलायचा, आणि त्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला.

बाकी बऱ्याच अडचणी साध्या व्यवहाराच्या असतात. सभा शुक्रवारी दुपारी ठेवली तर जुम्याच्या नमाजाला जाणारा येणार नाही, रविवारी सकाळी ठेवली तर चर्चमध्ये मिसला जाणारा येणार नाही. सभेत द्यायच्या कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, ते डुकराचं की गाईचं हे डबीवर लिहिलेलंच असतं असं नाही, आणि ती हातात घेऊन एखादे चाचा "हे कशाचं बनवलंय?" असं विचारतात तेव्हा आयोजक गडबडतो. वनस्पतीपासून केलेल्या कवचाची कॅप्सूल मिळते, ती आधीच मागवून ठेवावी, म्हणजे शाकाहारी शेजाऱ्यालाही तीच देता येते.