जीवाश्म इंधने (बेळगाव सीमाभाग)

गाडल्या गेलेल्या वनस्पती आणि सूक्ष्मजीवांच्या अवशेषांपासून कोट्यवधी वर्षांत तयार झालेला दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू ही जीवाश्म इंधने होत. बेळगावच्या भूगर्भात यांतले काहीच नाही. निपाणी-चिकोडीकडचा काळा पत्थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, तर गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून कोसळतो तो जमिनीवर पहिले झाड उगवण्याच्याही आधीचा. त्यामुळे इथे जळणारे हे इंधन सगळे बाहेरचे.

गोव्याच्या मुरगाव बंदरात उतरलेला परदेशी कोळसा रेल्वेने ३७ मीटरला एक मीटर असा खडा चढ चढून कॅसलरॉक, लोंढामार्गे बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. खानापूर तालुक्याच्या वाट्याला येतात त्या फक्त वाघिणी. याच मार्गावरील तिनईघाट–कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.

प्रत्यक्ष आग पाहायची तर उद्यमबागेतल्या फौंड्र्यांकडे वळावे. लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीत कोक (दगडी कोळसा भाजून केलेले इंधन), बीड (ओतीव लोखंड) आणि चुनखडी थराथराने भरतात आणि खालून ब्लोअरने हवा सोडतात. पूर्ण जळाला तर १२ किलो कार्बन हवेतला ३२ किलो ऑक्सिजन घेऊन ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. धुराड्यातून दिसतो तो काळा धूर वेगळाच. तो काजळीचा, आणि फुप्फुसांना तोच आधी भिडतो. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसतही नाही. अनेक फौंड्र्यांनी आता विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या बसवल्या आहेत. आवार स्वच्छ झाले खरे, पण राज्याच्या विजेतला काही वाटा रायचूरच्या १,७२० मेगावॉट औष्णिक केंद्राचा. म्हणजे धूर थोडा पूर्वेला सरकला. अथणी तालुक्यातून वाहत गेलेली कृष्णाच पुढे त्या केंद्राला पाणी पुरवते. भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्के, तीही तिथेच साठते.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू असत. आज ते ४२० वर गेले आहेत. तापलेली हवा अधिक बाष्प धरते, म्हणून मुसळधार पावसाचा जोर वाढतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेला आलेल्या महापुराचे खापर मात्र एकट्या कोळशावर फोडता येत नाही. धरणांतला विसर्ग आणि पात्रातली अतिक्रमणेही त्यात धरावी लागतात.

गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडे जळतात तेव्हाही हाच वायू निघतो, पण तो उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. साखर कारखान्यांतली बगॅसवरची, म्हणजे चिपाडांवरची, वीज गुऱ्हाळाच्याच हिशेबात बसते. अर्थात ऊस गुऱ्हाळापर्यंत ट्रॅक्टरने येतो, लिटरभर डिझेलमागे सुमारे २.६ किलो वायू सोडत, आणि त्याला घातलेला युरिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनलेला असतो.