खलाशी परत का येतो?

जुलैचा शेवटचा आठवडा. मालवणच्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली माझा मावसभाऊ जाळं शिवत बसलाय. हात जाळ्यात, डोळे फोनकडे. यांत्रिक बोटींवरची जून-जुलैची ६१ दिवसांची बंदी १ ऑगस्टला उठते. त्याच्या बोटीला तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, धरून आठ माणसं लागतात, त्यातली पाच नेपाळची. मेअखेरीला ती घरी गेली. त्यातली किती परत येतील आणि किती शेजारच्या बोटीवर चढतील, याचा अंदाज त्याला बोट पाण्यात उतरेपर्यंत नसतो. "माणूस गावत नाय," हे त्याचं दरवर्षीचं पालुपद. देवगडचा बागायतदार, तारकर्लीचा हॉटेलवाला, लोटे एमआयडीसीतला एचआरचा साहेब, सगळ्यांचं रडगाणं हेच. फक्त प्रत्येकाला वाटतं की ते आपल्या एकट्याचंच आहे.

या प्रश्नावर शंभरेक वर्षं शास्त्रशुद्ध अभ्यास चाललाय. आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं आपल्या बंदरावर बसून पटतं.

सुरुवात पैशापासून करू, कारण सगळे तिथूनच करतात. १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात मोटारी सरकत्या पट्ट्यावर जोडायला सुरुवात झाली. एकाने दिवसभर एकच नट आवळायचा. माणसं इतकी कंटाळली की सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात ५२,००० हून जास्त जणांची भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्डने दिवसाची मजुरी जवळपास दुप्पट, म्हणजे पाच डॉलर केली आणि कामाचे तास नऊवरून आठ केले. दारात रांगा लागल्या. सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं, ते दोन वर्षांत १६ टक्क्यांवर आलं. तेव्हा 'पैशाने काही होत नाही' असं सांगणाऱ्या मालकाकडे मी जरा संशयानेच बघतो. बहुधा त्याला पैसे द्यायचे नसतात.

पण मावसभावाने दोन वर्षांपूर्वी पगार वाढवला, तेव्हा शेजारच्या तिघांनीही वाढवला. चढाओढ जिथल्या तिथे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून असं मांडलं की माणूस ज्या गोष्टींनी नाराज होतो आणि ज्यांनी खूश होतो, त्या दोन वेगळ्या यादींतल्या असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पगार हे बांगड्याच्या तिखल्यातलं मीठ. कमी पडलं तर ताट बाजूला सारलं जातं, पण चव येते ती तिरफळांच्या मसाल्याने. हर्झबर्गच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली: चांगलं घडलं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईटाचं खापर साहेबावर फोडतो, मग मुलाखतीत दुसरं काय निघणार? टीका रास्त आहे. तरी मिठाचा दृष्टांत मला सोडवत नाही.

ही तिरफळं म्हणजे नेमकं काय? 'कामाला मन लागणं' ही गोष्ट विल्यम कान यांनी १९९० मध्ये तपासली. एकीकडे वास्तुविशारदांचं कार्यालय, दुसरीकडे वेस्ट इंडीजमधलं किशोरवयीन मुलांचं उन्हाळी शिबिर. त्या शिबिरात पाण्याखाली डुबकी मारायला शिकवणारा एक प्रशिक्षक होता, म्हणजे थेट आपल्या तारकर्लीतलाच पोरगा म्हणा ना! कान यांना दिसलं की एकच माणूस एका क्षणी कामात पुरता बुडालेला असतो आणि दुसऱ्या क्षणी नुसता अंगाने हजर. फरक तीन गोष्टींनी पडतो: कामाला काही अर्थ वाटतोय का, मनातलं बोललं तर अंगाशी येणार नाही ना, आणि अंगात-डोक्यात तेवढी ताकद शिल्लक आहे का. मे महिन्यात दिवसाला वीसवीस पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या पोराकडे पहिली गोष्ट भरपूर असते. तिसरी दुपारपर्यंत संपते.

आता खरी गाठ. माणूस सोडून जातो तो नेमका कधी? आपली समजूत अशी की नाराजी साठत जाते आणि एक दिवस भांडं भरतं. टॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी १९९४ मध्ये मांडलं की अनेकदा तसं होत नाही. बऱ्यापैकी समाधानी माणूसही एखाद्या धक्क्याने उठून जातो: घरचं आजारपण, लग्न, दुसरीकडून आलेलं बोलावणं, साहेबाचा एखादा शब्द. धक्का कामाशी संबंधित असायलाच हवा असं नाही.

मावसभावाकडे हे घडलं. एका ऑक्टोबरला, ऐन हंगामात, एका खलाशाला घरून फोन आला की मुलगी तापाने आजारी आहे. त्याने सुट्टी मागितली. हा म्हणाला, "आत्ता? चार फेऱ्या होऊ दे." खलाशी काही बोलला नाही. रात्री जाळं ओढलं, सकाळी मासळी उतरवली आणि दुपारी पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेला. जाताना दोघांना घेऊन गेला. (हेही संशोधनात सापडतं: बरोबरचे नोकरी शोधू लागले की टिकून असलेल्याचेही पाय सुटतात.) तिघांनी उचललेले आगाऊ पैसे बुडाले. एका तापाची किंमत त्याने किती मोजली, ते तो अजून सांगत नाही.

आगाऊ उचल हीच मुळात माणूस बांधून ठेवायची जुनी किनारी युक्ती. मेअखेरीला घरी जाताना हातावर रक्कम ठेवायची, म्हणजे ऑगस्टला तो फेडायला येतोच. येतो खरा, पण कर्जाने आलेला माणूस टिकला असं म्हणायचं का? शिवाय उचल फिटेपर्यंत त्याला जाऊच न देणं ही वेठबिगारी झाली आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद आहे.

मिचेल, ली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रश्नच उलटा केला: लोक का जातात हे सोडा, राहतात का? किराणा दुकानांतल्या आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून त्यांनी तीन धागे सांगितले. किती माणसांशी नातं जुळलंय, काम आणि जागा आपल्याला कितपत मानवते, आणि सोडलं तर काय काय हातचं जाईल. हे धागे कामावरही असतात आणि कामाबाहेर, गावातही. एकटी नाराजी मोजून जेवढा अंदाज येतो, त्याहून जास्त अंदाज हे धागे मोजल्यावर येतो.

कोकणी माणसाला हे वेगळं शिकवायला नको. मुंबईत तीस वर्षं नोकरी केलेला चाकरमानी गणपतीला सुट्टी नाकारली तर राजीनामा टेबलावर ठेवतो, तो पगारासाठी नव्हे. त्याचे धागे गावात आहेत. पण नेपाळी खलाशाचे धागे इथे कोण बांधणार? तो बोटीवरच झोपतो, बोटीवरच शिजवतो. किनाऱ्यावर त्याच्या ओळखीचा असतो तो फक्त दुकानदार. असा माणूस वाऱ्यावरच असतो, दोन हजार जास्त मिळाले की निघाला.

मावसभावाकडे सहा वर्षं टिकलेला एकच जण आहे. त्याने बायको आणली, खोली भाड्याने घेतली. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे आणि बापाला मालवणीत दटावते. शिमग्याच्या खेळ्यांमागे ती वाडीभर हिंडते. शेजारच्या मालकाने त्याला दोनदा बोलावलं, तो गेला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "छोरी का स्कूल." बस, एवढंच. सगळा शोधनिबंध तीन शब्दांत.

भरतीबद्दलही एक जुना प्रयोग आहे. १९७३ मध्ये जॉन वानस यांनी टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या काही मुलींना कामाची गुळगुळीत फिल्म दाखवली, तर काहींना कंटाळा-जाचासकट खरीखुरी. खरी फिल्म बघूनही मुली पळाल्या नाहीत. उलट रुजू झालेल्यांच्या डोक्यात नोकरी सोडण्याचे विचार कमी आले. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम बेताचाच निघाला, पण खर्च जवळपास शून्य.

३१ जुलैला तो सहा वर्षांचा जुना खलाशी कुडाळ स्टेशनवरून एकोणीस वर्षांच्या भाच्याला घेऊन आला. मावसभावाने पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोहता येतं?"

पोराने मान हलवली. नाही. समुद्र तो पहिल्यांदाच बघत होता.

मावसभावाने पगाराचा विषय काढलाच नाही. त्याला होडीत बसवून बंदराबाहेर नेलं, इंजिन बंद केलं आणि लाटांवर अर्धा तास तसंच डुलत ठेवलं. पोरगा दोनदा ओकला. परत येताना मामाने त्याला नेपाळीत काहीतरी विचारलं. पोराने तोंड पुसलं आणि किनाऱ्यावर पडलेल्या जाळ्याकडे बोट दाखवून उलट त्यालाच काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?" मावसभावाने विचारलं.

"पूछता है, ये सिलाई कौन सिखाएगा."